हिरवा चौकोन

भिमाबाईंनी संध्याची राखाडी पाटी छातीशी धरली होती. सोडायला तयार नव्हत्या.

"द्या ना आजी," संध्या म्हणाली. "ड्रोन उडवायच्या आधी या पाटीचा फोटो लागतो. त्यावरून उजेड मोजतात."

"मोजायला कोणी आलं की आमचं काहीतरी जातं."

पेठजवळच्या त्या उतारावर बारा वाजत आले होते. पश्चिमेकडून ढग सरकत होता. सावली पडली की सगळे फोटो वाया जाणार. संध्याला नाशिकहून पाठवणाऱ्या कंपनीला ही जमीन झाडं लावायला हवी होती. त्यांना नकाशावर 'मोकळं रान' एवढाच शेरा हवा होता. भिमाबाई म्हणत होत्या, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथंच राहत होतो. कागद एकही नव्हता. जमिनीच्या हक्काचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता.

"मी परत गेले तर ते दुसऱ्याला पाठवतील," संध्या म्हणाली. "मी निदान दिसेल तेच दाखवीन."

भिमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाटी गवतावर ठेवली.

ड्रोन अकरा मिनिटं उडाला. तो वळेल तशी भिमाबाईंची मान वळत होती. तो खाली उतरला आणि लगेच ढगाची सावली उतारावर आली.

संध्याने जीपमध्ये भिमाबाईंशेजारी बसून लॅपटॉप उघडला. ड्रोनच्या कॅमेऱ्याला डोळ्याला न दिसणारा उजेडही दिसतो. त्यात वाळायला लागलेलं गवत वेगळं कळतं, रसरशीत वेगळं. अर्ध्या तासाने नकाशा तयार झाला. सगळा उतार तपकिरी होता. मधोमध एक गडद हिरवा चौकोन होता. कडा सरळ, आखल्यासारख्या. संध्याने मूळ फोटो पुन्हा तपासले. चौकोन तिथंच होता.

फोन वाजला. कंपनीतले मयुरेश सर होते.

"मोकळंच आहे ना सगळं?"

"नाही सर," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

तिने लॅपटॉप भिमाबाईंकडे वळवला. "आजी, इथं काय होतं?"

भिमाबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"आमचा गोठा. नऊ जनावरं होती. शेण मुरलेली माती हाय ती. तिथलं गवत लवकर वाळत नाय."

"हे नकाशात जाणार, आजी. मी तसं लिहून देणार."

बाहेर पुन्हा ऊन पडलं होतं. भिमाबाई जीपमधून उतरल्या आणि ओढ्यापलीकडच्या रिकाम्या माळाकडे हात करून म्हणाल्या,

"आता तिकडं उडव, पोरी. तिकडं सात घरं होती."