चिमूटभर जेलीफिश

सगुणाबाईची पाठ वळली तशी धर्मराजांनी तिच्या ताटातल्या पिठल्यात चिमूटभर पूड टाकली आणि बोटं धोतराला पुसली. त्या बोटांनी जन्मात कधी अंडंसुद्धा शिवलं नव्हतं.

पूड जेलीफिशची होती. जेलीफिश म्हणजे समुद्रातला छत्रीसारखा जीव. त्याला हाड नाही, मेंदूही नाही. पण त्याच्या काही जाती लोक खातात, आणि त्यांच्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे आठवण टिकवायला मदत करतात म्हणे. धर्मराजांचा मुलगा सोमेश्वर कोकणात एका प्रयोगशाळेत त्यावरच काम करायचा. पूड त्यानंच पाठवली, पण फोनवर बजावलं होतं, "बाबा, हे उंदरांवर दिसलंय. माणसाचं अजून काही सांगता येत न्हाई. आस धरू नका."

"उंदराला गुण येतो, मंग माणसानं काय घोडं मारलंय?"

अडचण वेगळीच होती. सगुणाबाईसारखी कडक माळकरीण अख्ख्या कुंभार पिंपळगावात नव्हती. वांग्यात अळी निघाली तर ती पातेलं दोनदा घासायची. तिला कळलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं. आणि पूड दिली नसती तर एक दिवस ती नवऱ्यालाच विसरली असती. धर्मराजांनी पाप आपल्या डोक्यावर घेतलं.

आजार वर्षभराचा. जालन्याच्या डॉक्टरांनी तासभर सगळं समजावून सांगितलं, तेही सगुणाबाईलाच. विसरणाऱ्या माणसाला सांगून काय उपयोग, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कळू नये!

ती चहा द्यायचं विसरायची. वर म्हणायची, "आत्ताच दिल्ता की." मग मुकाट्यानं पुन्हा अर्धा कप मांडायची. गेल्या महिन्यात तर गळ्यातली माळच कुठंतरी काढून ठेवली. धर्मराजांनी पिठाचे डबे उपसले, देव्हारा उपसला.

"कुठं ठेवली, आठव जरा."

"न्हाई आठवत," सगुणाबाई खाली मान घालून म्हणाली.

या काळजीत धर्मराज वेशीपर्यंत फिरायला जात. तिथं शेजारचा वसंता हटकून भेटायचा आणि बोलत बोलत त्यांना घरापर्यंत सोडायचा. त्याला दुसरा कामधंदा नसावा.

"जेव आता," धर्मराजांनी ताट तिच्यापुढं सरकवलं.

"आधी तुम्ही."

"अगं, तुझं ताट हाय ते."

"दोन घास तुम्ही खा, मंग मी. न्हाई तर न्हाई जेवत."

हा रोजचा हट्ट. पार लेकरागत झाली होती. दोन घासांचे सहा व्हायचे आणि निम्मं औषध फुकट धर्मराजांच्या पोटात जायचं.

जेवता जेवता ते तिची परीक्षा घेत.

"आज वार कोणता?"

"बाजाराचा."

"चुकलीस. बाजार काल झाला."

"बराबर. काल झाला."

बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालला होता. वारांचं भान आता कुणालाच राहिलं नव्हतं.

"बरं, मी कोण?"

सगुणाबाईच्या हातातला घास थांबला.

"माझे मालक."

"बिलकुल बराबर!" धर्मराजांचे डोळे भरून आले. गुण येत होता.

हात धुऊन ते परतले, तर सगुणाबाई स्वयंपाकघरात पाठमोरी फोनवर हळू बोलत होती. सोमेश्वरचा नंबर तिनं स्वतः लावला होता! धर्मराज उंबऱ्यावरच थांबले आणि कौतुकानं ऐकू लागले.

"सहा घास गेले बापा आज. औषध त्यांच्यासाठी म्हणून दिलं की थुंकून देतेत. मंग राहू दे हे असंच. विसरते ती मीच, असं समजू दे त्यांना."