तारण
लेकीच्या बुटांच्या पिशवीत पारूबाईला पुस्तक सापडलं. अक्षरं जुळवत तिनं वाचलं, ‘नवा करार’. आत पोरीच्या अक्षरात, ‘आज माझं तारण झालं.’ त्यांच्या शिवरे गावात हायवेलगतच्या जमिनींचे करार रोज होत होते. पारूबाईनं ट्रंक उघडली. सातबारा जागेवर, डोरलं जागेवर, लेकीनं कॉलेजसाठी धावून जिंकलेलं पदकही जागेवर. लेक सराव करून आली तशी विचारलं, “काय तारण ठिवलंस?” “काय न्हाई, आये. मी येशूची झालेय. त्यानंच माझ्यापायी सोताला तारण ठिवलं.” “मंग त्याला सोडवनार कोन?” “तो तिसऱ्याच दिवशी सुटला.” पारूबाईला पटेना. तिचं डोरलं सुटायला सहा वर्षं लागली होती. तिनं लेकीचा अंगठा उजेडाकडं वळवून निरखला. शाईचा डाग नव्हता. जीव भांड्यात पडणार, तोच आठवलं, पोरगी शिकलेली आहे. सही केली असणार.