दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर

"दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना? मग दिसतीलच एकमेकाले," म्हणत शालिकरामने चष्मा पुसून नाकावर चढवला आणि तो उमाच्या लॅपटॉपसमोर बसला.

उमा बाजारात गेली होती. तीच वेळ साधून गुणाकरने मित्राला बोलावलं होतं. निमित्त प्रिंटरचं. प्रिंटर बैठकीतल्या त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेला, बायकोचा लॅपटॉप आतल्या खोलीत. तिला एखादं भजन छापायचं तर पेनड्राइव्ह घेऊन बाहेर यावं लागे. तिची ही पायपीट नवऱ्याला बघवत नव्हती म्हणे.

खरं दुखणं निराळं होतं. मुलाने, अपूर्वने, आपला जुना लॅपटॉप आईला दिला आणि महिनाभरात या घरात गुणाकरला कुणी विचारेनासं झालं. जेवणं आटोपली की उमा आत जाऊन बसायची आणि टकटक सुरू व्हायची. मधेच ती स्वतःशी हसायची. एकदा तर त्याने तिला डोळे पुसताना पाहिलं. तो दारात आला की लॅपटॉपचं झाकण खाली. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, टायपिंग शिकून राह्यली. पासष्टी उलटल्यावर बायकोवर नजर ठेवणं शोभत नाही, हे त्याला कळत होतं. पण आत जळत होतं ते जळतच होतं.

शालिकरामवर त्याचा भरवसा जुना. दोघं बालाघाटच्या एकाच कचेरीत पस्तीस वर्षं होते. शालिकराम टाईप करायचा आणि गुणाकर, म्हणजे बडे बाबू, खाली सही मारायचा. वाचायची भानगडच नाही. गुणाकरचं सगळं शिक्षण हिंदीतलं, मराठी घरात बोलण्यापुरती. शालिकराम महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या कटंगीचा, दोन्ही भाषा त्याच्या बोटांवर. कचेरीतल्या जुन्या मशीनचा 'र' तेवढा ओळीतून वर उडायचा, बाकी चूक सापडायची नाही. शालिकरामने टाईप केलं म्हणजे बघायचं काय, असं गुणाकर साहेबांनाही ऐकवायचा.

शालिकरामने लग्न केलं नाही. रविवारी चहाला यायचा आणि वहिनीशी बोलताना कपाकडे बघत बोलायचा. अशा माणसाला घरातलं काम सांगायला काय हरकत होती?

प्रिंटर शेअर झाला. लॅपटॉपवरून चाचणीचा कागद पाठवला, तो बैठकीत सुरसुरत बाहेर पडला. शालिकराम उठू लागला तसा गुणाकर म्हणाला, "तिच्या फाइलाही माझ्याकडे दिसल्या पाहिजेत."

"वहिनीले विचारलं काय?"

"हौ, विचारलं."

शालिकरामने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण काम करून दिलं. दोघं बैठकीत आले. गुणाकरने चहा केला आणि आपल्या पडद्यावर बायकोचं फोल्डर उघडलं. भजनं होती, लोणच्याची कृती होती आणि 'पत्रं' नावाची एक फाइल होती. त्याने ती उघडली आणि अक्षर लावत लावत वाचू लागला.

'प्रिय उमा, आज वैनगंगेच्या पुलावर तासभर उभा होतो. तुझा आवाज दोनदाच ऐकला आहे, तरी कानातून जात नाही. समोर आलीस तर मला बोलता यायचं नाही, म्हणून हे कागदावर.'

अशी पानंच्या पानं. ना तारीख, ना खाली नाव.

आवाज दोनदाच ऐकला, म्हणजे ओळख नवी. वैनगंगेचा पूल, म्हणजे माणूस बालाघाटातलाच. फोनवर पाठवत असेल आणि ही इथे उतरवून जपत असेल. गुणाकरची कानशिलं तापली. चाळीस वर्षांच्या संसारात असं एक वाक्य त्याला बायकोसाठी सुचलं नव्हतं, आणि हा कोण उपटसुंभ पुलावर उभा राहून पानं भरत होता. रागापेक्षा त्याला हेवाच जास्त झोंबला.

"वाच," तो शालिकरामला म्हणाला. "कोन असंन हा?"

शालिकराम वाचत राहिला. एवढ्याशा मजकुराला त्याने फारच वेळ लावला. मग चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसला.

"राहू दे, गुणाकर. बंद कर ते."

तेवढं बोलून, अर्धा चहा तसाच ठेवून तो निघून गेला. आपल्या घरची अब्रू बघून मित्रालाच लाज वाटली, असं गुणाकरला वाटलं आणि तो आणखीच पेटला. त्याने पहिलं पान छापून घेतलं.

उमा आली तेव्हा तो कागद घेऊन दारातच उभा होता. भाजीची पिशवीही त्याने खाली ठेवू दिली नाही.

"कोन आहे हा?"

उमाने कागद पाहिला. आधी चपापली, मग लाजून हसली.

"ओळखलं नाही काय?"

"मी काहून ओळखीन?"

"चाळीस वर्षं होऊन राह्यले लग्नाले. छापून, पुस्तक करून देणार होती तुमाले. सारी मजा घालवली." आत जाऊन ती एक गठ्ठा घेऊन आली आणि तिने तो त्याच्या हातात ठेवला. "तुमचेच पत्रं आहेत. साखरपुड्यानंतरचे. शाई उडून राह्यली म्हणून उतरवून घेतले."

उमाचा आवाज खाली आला.

"तुमी अन् शालिकरामभाऊ पाहायले आलते, तवा तुमी माह्याशी एक शब्द बोलले नाही. मी मोडणार होती सोयरीक. या पत्रांपायी राह्यली."

गुणाकरने वरचं पान उलगडलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर सगळं टाईप केलेलं होतं. प्रत्येक 'र' ओळीतून वर उडालेला होता, आणि खाली निळ्या शाईत त्याची सही होती, नेहमीसारखी, न वाचता केलेली.