सुटी होणारी रायफल

"ही नको. जड आहे," सुनेत्रा म्हणाली.

प्रणवने लाकडी दस्त्याची रायफल काउंटरवर ठेवली आणि बायकोकडे बघतच राहिला. घरातल्या पडद्यांच्या रंगाबद्दलही जिला कधी मत नव्हतं, ती बाई ब्रेडा या डच शहरातल्या बंदुकांच्या दुकानात मत देत होती! त्याला गंमत वाटली.

खरं तर रायफलचं खूळ तिनेच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. उइटहॉर्नला त्यांच्या समोरच्या घरातले डच आजोबा नेमबाजीच्या क्लबात जात. "तुम्हीपण जा ना. कॉलेजात एनसीसीत होता तुम्ही," असं ती एकदा चहा देता देता म्हणाली. प्रणवला ते पटलं. दिवसभर स्लोटरडाइकच्या ऑफिसात लोकांचं ऐकून घ्यायचं म्हणजे डोकं तडकतं. कागदावर चार गोळ्या झाडल्या की बरं वाटे.

वर्षभर त्याने क्लबाच्या रायफलीवर हात बसवला. आता स्वतःची हवी होती. एनसीसीत असायची तशी पॉइंट टू-टूची, छोट्या गोळीची. क्लबात तो ट्रामने जाई, म्हणून नळी आणि दस्ता वेगळे होऊन पाठपिशवीत मावेल अशी. शिवाय स्वस्त, कारण प्रणव उधळ्या नव्हता.

दुकानदाराने दुसरी काढली. काळ्या प्लॅस्टिकची, जत्रेतल्या खेळण्यासारखी. एक मळसूत्र फिरवलं की नळी हातात यायची. प्रणवने ती खांद्याला लावली आणि एक डोळा मिटला. समोरच्या भिंतीवर नेम काही ठरेना.

"फार हलकी असली की श्वासाबरोबरही डुलते," दुकानदार म्हणाला. "ही बघा. थोडी वजनदार, पण काढून परत जोडली तरी नेम हलत नाही. सुटी होणारी घेताना तेवढंच बघायचं." त्याने तिसरी पुढे केली आणि सुनेत्राकडे वळला. "मॅडम, तुम्ही धरून बघता?"

"तिचं मनगट दुखावलंय. सायकलवरून पडली," प्रणवने सांगितलं.

सुनेत्राने बाही खाली ओढली. तिसरी रायफल ठरली.

"परवाना मिळाला की घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "त्याआधी पोलीस घरी येतील. कपाट बघतील, घरच्यांशी बोलतील."

परतीच्या गाडीत सुनेत्राने विचारलं, "कधी येतील ते?"

"तुला कसली घाई?"

"तुम्हाला चैन पडत नाही ना, म्हणून विचारलं."

ते मात्र खरं होतं. परवान्याचा अर्ज गेल्यापासून त्याचं कशात लक्ष लागेना. ऑफिसात तो सारखा फोन बघे, घरी आला की भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघे. क्लबात कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की बायको नुसतं 'मला भीती वाटते' म्हणाली तरी अर्ज बारगळतो. म्हणजे सगळं येऊन अडलं सुनेत्रावर! तिला या देशातलं काय कळत होतं? घराची किल्ली, तिचं बँकेचं कार्ड, लेक सानिकाच्या शाळेचे ईमेल, सगळं त्यालाच बघावं लागे. साधी सायकलसुद्धा तिला कधी जमली नव्हती. ही बया ऐन वेळी काहीतरी वेडंवाकडं बोलून बसायची.

मग त्याने तिची तयारी करून घेतली.

"माझ्या स्वभावाबद्दल विचारलं तर?"

"शांत आहे म्हणायचं."

"आणि राग?"

"येत नाही."

"असं खाली बघून नको सांगू. हसून सांग."

ती हसली. सानिका जिन्यात बसून ऐकत होती. बाबांनी बघताच ती वर पळाली.

पोलीस आले ते शनिवारी सकाळी. एक उंच बाई आणि एक तरुण शिपाई. प्रणवने कॉफी विचारली, कपाट दाखवलं, क्लबाचं कार्ड दाखवलं. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "आता मिसेसशी बोलते."

"तिला डच येत नाही, इंग्रजीही कच्चं आहे. मी बसतो शेजारी."

"नको. आम्ही प्रत्येकाशी वेगळं बोलतो. फोनवर मराठी दुभाषी आहेत."

स्वयंपाकघराचं दार लागलं. तरुण शिपाई कपाटाचे बोल्ट तपासत होता, तपासून झाल्यावरही तिथेच उभा राहिला. प्रणव येरझाऱ्या घालू लागला. दोन मिनिटांचं काम, एवढा वेळ कशाला? त्याने कान दिला. सुनेत्राचा आवाज येत होता, सलग, न थांबता. इतकं बोलायला काय होतं तिच्याकडे? मध्येच दार किलकिलं झालं, बाईंनी जिन्याकडे बघून सानिकाला हाक मारली आणि ती पळत आत गेली. हातातोंडाशी आलेला परवाना ही घालवणार, अशी त्याची खात्रीच पटली.

अखेर दार उघडलं. सुनेत्राच्या स्वेटरच्या बाह्या कोपराच्या वर सारलेल्या होत्या, आणि हातांवरचे काळेनिळे डाग झाकायची तिला आज घाई नव्हती. सानिका आईला बिलगली होती.

"तुमच्या अर्जाचं राहू द्या," पोलीसबाई म्हणाल्या. "या दोघी आत्ता आमच्याबरोबर येताहेत."

प्रणव पुढे झाला, तसा तरुण शिपाई मध्ये आला.

"काय सांगितलंस तू त्यांना?" तो मराठीत ओरडला. "रायफल घ्या, रायफल घ्या म्हणून तूच मागे लागली होतीस ना?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "पोलिसांना मी बोलावलं असतं, तर तुम्ही दार उघडलं असतंत का?"