सोबत आणखी काही घेता का?

“आकडा पुन्हा चढलाय, आजी.” सिस्टरनं हातातलं छोटं यंत्र आजींच्या नाकासमोर धरलं. “बघा. रक्ताचं अगदी पाणी व्हायला आलंय तुमच्या.”

आजींनी टोचलेल्या बोटावर कापूस दाबून धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी कपबशी पुढं सरकवली. “आधी चहा घे. निवतोय.”

“चहाचं राहू द्या. रक्त पातळ करायची गोळी एकच घेता ना?”

“एकच. तू डबीत भरून ठेवतेस तेवढीच.”

“मग हे काय?” सिस्टरनं त्यांची बाही मागं सारली. कोपराखाली जांभळा डाग पसरला होता.

“दाराची कडी लागली असेल.”

“कडी लागून एवढं होत नाही. खरं सांगा, सोबत आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, पाला, मुळी?”

आजी खिडकीबाहेर बघू लागल्या. उत्तर द्यायचं नसलं की त्यांचं हे असंच. नवरा म्हणायचा, हिच्या तोंडाला कुलूप लागलं की किल्ली खिडकीबाहेर पडलेली असते. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. लेक परमुलखात. त्याचा फोन यायचा तो ‘बरी आहेस ना, ठेवतो’ एवढ्यापुरता.

सिस्टर उठून स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली. फळीवरचे डबे पुढंमागं केले तेव्हा चहाच्या डब्यामागं एक बाटली सापडली. आत हिरवट चूर्ण.

“चोर सापडला! कुणी दिलं?”

“शेजारीण देऊन गेली, घर सोडताना. गुडघ्यांसाठी. झाडपाल्याचंच आहे गं, त्यानं काय होतंय!”

“तिथंच तर सगळे फसतात. नुसतं घेतलं तर पचेलही एखाद्याला. पण या गोळीला ते जाऊन मिळतं आणि दोघं मिळून रक्त पातळ करत सुटतात. उद्या पडलात, डोक्याला लागलं, तर रक्त थांबायचं नाही. एकट्या राहता. कळणार कुणाला?”

“दर सोमवारी येतेस ना, तेव्हा तुला कळेलच की.”

“गप्प बसा! भलतंच बोलता.” सिस्टर रागावली खरी, पण हसू काही दाबता आलं नाही तिला. मग तिची नजर फळीच्या कोपऱ्यात गेली. “आणि हा पितळी काटा कसला? सोनंबिनं मोजता की काय?”

“सोनं कुठलं आलंय! दुकानातला आहे. मी कामाला होते तिथं.”

“वाण्याच्या?”

“मोजूनमापून द्यायचं काम,” आजी म्हणाल्या. “बस आता. दुसरा चहा टाकते.”

दुसऱ्या चहाबरोबर सिस्टर सैलावली. सासूबाईंनी भिंतीच्या रंगावरून धरलेला अबोला झाला, धाकटीचा हलणारा दात झाला. दात कशानं पाडावा यावर आजींनी सल्लाही दिला. खोलीत तेवढा वेळ दोन माणसांचा आवाज होता.

निघताना सिस्टरनं बाटली पिशवीत टाकली. “शपथ घ्या. पुन्हा हात लावणार नाही.”

“त्या बाटलीला? नाही लावणार.”

“पुढच्या सोमवारी आकडा जागेवर आला की सुटलात. मग तीन-तीन महिने माझं तोंड बघायला नको. नियमच आहे दवाखान्याचा. तुमचीही कटकट गेली!”

“हो ना,” आजी म्हणाल्या. “कटकट गेली.”

जिन्यावरची पावलं विरली. खालचं दार लागलं. आजींनी दोन्ही कप विसळून, पुसून, जोडीनं पालथे घातले. मग पलंगाखालची पेटी ओढली आणि कपड्यांच्या तळातून त्याच हिरवट चूर्णाची मोठी पुडी काढली.

चष्मा लावला. फळीवरचा काटा उतरवला, पदरानं पुसला. असाच काटा हातात धरून त्यांनी औषधांच्या दुकानात उभा जन्म काढला होता. आणि गोळ्यांची पुडी बांधण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता विचारलं होतं, “सोबत आणखी काही घेता का?”

पारड्यात चूर्ण पडलं. थोडं जास्त झालं, तर दारात रुग्णवाहिका. थोडं कमी झालं, तर तीन महिने दारात कुणीच नाही. आजींनी चिमटीनं कणभर काढून घेतलं, श्वास रोखला आणि काटा बरोबर सोमवारवर आणून थांबवला.