ह्यांचे नाव

आम्ही माथेरानच्या छोट्या गाडीत बसलो होतो. मनमाडला उभा जन्म तिकिटे तपासणाऱ्या ह्यांना आता आपल्या माणसांचाही विसर पडला होता. लग्नानंतर आम्ही दोघे याच गाडीने गेलो होतो, म्हणून शेखरने नाशिकहून एका दिवसासाठी आम्हाला हट्टाने आणले. पण गाडी घाट चढू लागली तरी हे परक्या प्रवाशासारखे खिडकीबाहेर पाहत होते.

"अहो," मी म्हणाले. हे वळले नाहीत.

"आई, अहो तर कोणीही म्हणतं. डॉक्टर म्हणाले ना, नावानं हाक मार."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, शेखर. घेतलंच तर उखाण्यात."

"बाबा आता उखाण्याला ओ देणार आहेत का?"

मी पदर सावरला. ज्या आवाजाने सारे घर धाकात ठेवले, तो आवाज त्या डब्यात कापला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी जन्मात प्रथमच ते नाव नुसते उच्चारले.

"त्र्यंबक."

हे चटकन वळले. डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी ओळखीची चमक आली.

"त्र्यंबकला ही गाडी जात नाही, बाई," हे अदबीने म्हणाले. "तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात."

मग शेखरकडे वळून म्हणाले, "साहेब, ह्यांना पुढच्या स्टेशनावर उतरवून द्या. घरी ह्यांचे यजमान वाट पाहत असतील."