दोन्ही बाजू

ताईच्या हातातलं दातेरी चाक रेघेच्या मध्येच थांबलं.

टेबलावर मांजरपाटाची दुहेरी घडी होती. घडीच्या खाली एक आणि वर एक कार्बनचा कागद, त्यावर धाकट्या बहिणीच्या मापाचा जुना कागदी नमुना. नमुन्यावरून चाक फिरवलं की ठिपक्यांची रेघ दोन्ही पदरांवर उमटते. डावी बाजू, उजवी बाजू, अगदी सारखी. एकदाच आखायचं. ताईचं अर्धं आयुष्य असं आखण्यात गेलं होतं. आज छातीच्या उभारासाठी घालायच्या टक्सपाशी आल्यावर तिला आठवलं, की धाकटीच्या दोन्ही बाजू आता सारख्या राहिलेल्या नाहीत.

आठवलं, एवढंच. डोळे भरले नाहीत. तिनं चाक पुढे ढकललं आणि रेघ पुरी केली.

बरेच महिने हे असंच चाललं होतं. ऑपरेशनच्या दिवशी धाकटीचा नवरा दवाखान्याच्या जिन्यात ढसाढसा रडला, तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा पेला देणारी ताईच होती. घरी परतून तिनं कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घातली. "तुमच्याएवढं खंबीर माणूस बघितलं नाही," शेजारीण म्हणाली. खंबीर कसलं आलंय? भाजीत मीठ नसलं तरी ताईला कळत नव्हतं. तिच्या शिवणाच्या दुकानातला रेडिओ सकाळीच बंद पडला होता, हे तिला संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं सांगितलं.

आज धाकटीच्या ब्लाउजचं कच्चं शिवून बघायचं होतं. चांगलं कापड नंतर. ताईनं आधीच कापूस भरून एक छोटी गादी शिवून ठेवली होती, तळहाताएवढी, मऊ. ती डाव्या बाजूला घातली की जुनाच नमुना चालणार होता. काही बदलायला नको. तिनं मांजरपाट कापला, कच्चे टाके घातले आणि वाट बघत बसली.

गल्लीत लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत, पण त्या हाकेवर खरा हक्क एकट्या धाकटीचाच होता. ती दारातूनच "ताई गं" करत आत आली. अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"सोमवारपासून पोस्टात जातेय परत," ती म्हणाली. "हे शर्ट आता पुरे झाले. परवा कुरियरवाल्यानं मला साहेब म्हटलं."

एरवी अशा बोलण्यावर ताईच आधी हसायची. आज तिनं दाराला कडी लावली, पडदा ओढला आणि मांजरपाटाचा ब्लाउज पुढे केला. वर ती गादी ठेवली.

"हे काय?"

"आत घालून बघ. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

धाकटीनं ब्लाउज चढवला आणि गादी आत घातली. आरशात इकडून तिकडून पाहिलं. मग खिडकीपलीकडच्या माणसाला तिकिटं द्यावीत तसा हात लांब केला, खाली घेतला, परत लांब केला. तिसऱ्यांदा तिनं गादी काढून टेबलावर ठेवली.

"नको गं ताई. दर वेळी हात उचलला की ती जागेवर आहे का ते बघत बसायचं. मला काम करायचंय, पहारा नाही द्यायचा. मी जशी आहे तसं शिव."

गादी काढल्यावर ब्लाउजची डावी बाजू रिकाम्या पिशवीसारखी लोंबली. त्यावर मघाची टक्सची रेघ ठसठशीत दिसत होती, कुणासाठी आखली कोण जाणे. ताईनं तिकडचा टाका उसवला. टाचण्यांची डबी उघडली आणि जास्तीचं कापड चिमटीत धरून टाचू लागली. आता घडी घालून भागणार नव्हतं. एकेका बाजूचं माप वेगळं घ्यायचं, एकेक बाजू वेगळी आखायची.

ती जागा ताईनं कधी पाहिली नव्हती. जखमेच्या पट्ट्या बदलायच्या वेळी तिला हमखास बाहेर काही काम निघे. आज कापडाखाली तिच्या बोटांना ती पहिल्यांदा लागली. सपाट. त्याखाली लगेच बरगड्या. ती टाचत राहिली. गळ्यापासून कंबरेपर्यंत टाचण्यांची रांग उभी राहिली.

धाकटी बोलतच होती. "माझी खुर्ची बदललीय म्हणे. नवीन आणलीय, फिरती. मला ती मोडकीच बरी होती. एका पायानं लंगडी होती, पण मला सांभाळून घ्यायची. आता ह्या नवीन बाईशी जुळवून घ्या..."

ताईच्या हाताला काहीतरी वेगळं जाणवलं. टाचणी कापडातून गेली, आणि आणखी थोडी पुढे गेली. मांजरपाटावर एक लाल ठिपका उमटला. तो हळूहळू मोठा झाला. धाकटीचं खुर्चीबद्दलचं बोलणं चालूच होतं.

"टाचणी लागली तुला," ताई म्हणाली.

"कुठे?" धाकटीनं मान खाली घालून पाहिलं. "अगं हो की. तिथं मला काही कळतच नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आता कळणारही नाही. काढ ना, त्यात काय एवढं."

ताईनं टाचणी काढली. ती डबीत ठेवायला गेली, पण डबीचं तोंड तिला सापडेना. टाचणी खाली पडली. तिनं ती शोधली नाही. तिच्या घशातून एक आवाज निघाला, तिचा तिलाच अनोळखी, आणि तिनं पुढे होऊन धाकटीला मिठी मारली.

धाकटी दोन्ही हात बाजूला धरून अवघडून उभी राहिली. ताईचं अंग गदगदत होतं. इतक्या महिन्यांत धाकटीनं तिला असं पाहिलं नव्हतं.

"अगं, हळू," ती म्हणाली. "पुढून सगळ्या टाचण्या आहेत. लागतील तुला."

"लागतायत," ताई म्हणाली, आणि तिनं मिठी सोडली नाही.